अतिसारात थांबवायचे ते काय?
आतड्यातील आयन-मार्ग, पेज आणि कुडा यांविषयी काही विचार

मृगाचा पाऊस स्थिरावला की सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्ग या परिसरातील वैद्यांच्या नोंदवहीत द्रवमलप्रवृत्तीचे रुग्ण वाढू लागतात. विहिरींत नवे पाणी उतरलेले असते, हवा कुंद असते आणि वर्षाऋतूत अग्नी मंद होतो हे शास्त्रवचन आपल्याला पुन्हा शिकवावे लागत नाही. रुग्ण येतो तो मात्र एकच मागणी घेऊन : जुलाब थांबवा. औषधी विक्रेत्याच्या दुकानातही हीच मागणी असते आणि तिला उत्तर म्हणून फळीवरची ठरावीक बाटली काढून दिली जाते.

थांबवायचे ते नेमके काय, हा प्रश्न या मागणीच्या आधी यावयास हवा असे आम्हांस वाटते. आतड्यात पाझरणारे पाणी थांबवायचे, की आतड्याची गती थांबवायची, की शूळ? व्यवहारात या तिन्ही गोष्टी आपण 'स्तंभन' या एका शब्दात बसवून मोकळे होतो. शार्ङ्गधराने मात्र ग्राही आणि स्तंभन यांत भेद केला आहे. शुंठी, जीरक यांसारखी दीपन-पाचन करून उष्णतेने द्रव शोषणारी द्रव्ये त्याने ग्राही मानली, तर रूक्ष, शीत, कषाय आणि वातकर अशी कुटज, टुंटुक ही द्रव्ये स्तंभनात घातली. हा भेद आपण परीक्षेपुरता पाठ करतो आणि चिकित्सेत विसरतो. गेल्या सहा-सात दशकांत आतड्याच्या पेशींविषयी जे ज्ञान जमा झाले आहे त्याने या भेदाकडे पुन्हा पाहण्याची संधी दिली आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

पाण्याचे दार

शरीरातील प्रत्येक पेशीभोवती मेदाचे पातळ आवरण असते. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड हे विद्युत्भारित कण, म्हणजे आयन, या आवरणातून आपोआप आरपार जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी आवरणात प्रथिनांची बनलेली सूक्ष्म दारे असतात. यांनाच आयन-मार्ग किंवा आयन चॅनेल म्हणतात. दार उघडले की विशिष्ट आयन आत वा बाहेर धावतात, मिटले की थांबतात. काही दारे विद्युत्दाबाने उघडतात, काही रासायनिक द्रव्याने, काही ताणाने, तर काही उष्णतेने. 'स्रोतस म्हणजेच आयन-मार्ग' असे समीकरण मांडण्याचा मोह अलीकडच्या काही व्याख्यानांतून दिसतो. आम्ही तो टाळणार आहोत. स्रोतस ही संकल्पना फार व्यापक आहे आणि एका प्रथिनाच्या मापाने ती मोजल्यास दोन्ही शास्त्रांवर अन्याय होतो.

निरोगी मनुष्याच्या लहान आतड्यात दररोज सुमारे ९ लिटर द्रव येतो. त्यांपैकी जेमतेम २ लिटर अन्नपाण्यातून, बाकीचा लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस व आतड्याचा स्वतःचा स्राव यांतून. मलावाटे बाहेर पडतो तो १०० ते २०० मिलिलिटर. म्हणजे जवळजवळ सर्व द्रव परत शोषला जातो. या देवघेवीत स्रावाच्या बाजूचे मुख्य दार म्हणजे सीएफटीआर नावाचा क्लोराइड-मार्ग. तो आतड्याच्या अस्तरातील खळग्यांमधील पेशींवर असतो. तो उघडला की क्लोराइड आतड्याच्या पोकळीत उतरते, पेशींच्या सांध्यांतून सोडियम त्याच्या मागे जाते आणि मिठाच्या मागे पाणी जाते. आतडे ओले राहण्यासाठी हे दार थोडे उघडे असणे आवश्यकच आहे. या मार्गाचे जनुक १९८९ साली सापडले. ज्या मुलांत ते जन्मतः सदोष असते त्यांच्या आतड्यातील मल चिकट व घट्ट होतो.

विषूचिकेत याच्या उलट घडते. १९५९ साली कोलकात्यात डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या बांधलेल्या आतड्यात पटकीच्या जंतूंचा नुसता गाळलेला द्रव सोडला आणि जंतू नसतानाही ते आतडे पाण्याने फुगते हे दाखविले. पटकीचे जंतू आतडे फाडत नाहीत, ते एक विष सोडतात. हे विष पेशीत शिरून चक्रीय एएमपी या संदेशवाहकाची पातळी वाढवते आणि त्यामुळे सीएफटीआरचे दार उघडेच राहते. तीव्र विकारात प्रौढ रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. ई. कोलाय जंतूचे उष्णतेला न जुमानणारे विष चक्रीय जीएमपी या दुसऱ्या संदेशवाहकामार्फत याच दारापर्यंत पोहोचते. रोटा विषाणूचे एक प्रथिन पेशीतील कॅल्शियम वाढवून वेगळा क्लोराइड-मार्ग उघडते. कारणे निराळी असली तरी पाणी येते ते मुख्यतः या दोन-तीन दारांतूनच. जंतू मारणारे औषध दिले तरी उघडलेले दार लगेच मिटत नाही. मृत्यू जंतूंमुळे नव्हे तर पाणी आणि क्षार गेल्यामुळे ओढवतो.

पेज

येथे निसर्गाने एक वाट शिल्लक ठेवली आहे. स्रावाचे दार उघडे राहिले तरी सोडियम व ग्लुकोज यांना एकत्र आत घेणारा वाहक शाबूत असतो. हा वाहक म्हणजे आयन-मार्ग नव्हे. तो दार नसून दोघांना हाताला धरून आत नेणारा आहे. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली ही कल्पना मांडली. तिच्याच आधारावर १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने देण्याचा निर्णय घेतला. शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले होते. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

तांदळाच्या पिष्टातून आतड्यात हळूहळू ग्लुकोजच सुटते. म्हणून ग्लुकोजऐवजी लिटरला ५० ते ८० ग्रॅम तांदळाचे पीठ शिजवून केलेले जलसंजीवनीचे द्रावणही चालते, आणि पटकीच्या रुग्णांत त्याने मलाचे प्रमाण कमी होते असे अनुभवास आले. हे वाचताना सिंधुदुर्गातील वैद्याला उकड्या तांदळाची पेज आठवल्याशिवाय राहणार नाही. पेजेवरची निवळ म्हणजे आपल्या ग्रंथांतील मंड, थोडी शिते असलेली पातळ पेज म्हणजे पेया, आणि शिते अधिक झाली की विलेपी. संसर्जनक्रमात आणि अतिसारात या कल्पना कोणत्या क्रमाने वापरावयाच्या हे ग्रंथांत तपशिलाने आले आहे. कोकणातील घराघरांत ते ग्रंथ न वाचताच आचरणात होते.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. १९९५ साली 'लॅन्सेट'मध्ये मॅक्लिऑड, बेनेट व हॅमिल्टन यांनी शिजवलेल्या तांदळातील एक अंश आतड्याच्या स्रावास अडवतो असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. गिनीपिगच्या आतड्यातील खळग्यांच्या पेशींवर काम करून १९९९ साली त्याच गटाने हा अंश सीएफटीआर या क्लोराइड-मार्गालाच अडवतो असे दाखविले. म्हणजे तांदूळ एका बाजूने शोषणास मदत करतो आणि दुसऱ्या बाजूने पाण्याचे दार लोटतो. या अंशातून पुढे स्वतंत्र औषध निर्माण झाले नाही, हेही लक्षात ठेवावयास हवे. प्रयोगशाळेतील निष्कर्षाला रुग्णशय्येवरील सिद्धता समजू नये. दुसरे काम वेल्लोरचे. डॉ. रामकृष्ण व सहकाऱ्यांनी २००० साली पटकीच्या रुग्णांत जलसंजीवनीमध्ये न पचणारे पिष्ट मिसळून दिले आणि मलाचे प्रमाण व विकाराचा कालावधी दोन्ही कमी झाले. हे पिष्ट मोठ्या आतड्यात आंबते, त्यातून लहान साखळीची मेदाम्ले निघतात आणि ती तेथील सोडियमचे शोषण वाढवितात.

आता व्यवहारातील मुद्दा. घरी जेवणासाठी होणारी पेज रुग्णासाठी दाट असते आणि तिच्यात मीठ बेताचे असते. अतिसारातील पेज पातळ हवी, आणि लिटरला सुमारे ३ ग्रॅम मीठ, म्हणजे पाच मिलिलिटरचा चमचा सपाट भरून त्याचा अर्धा, एवढे हवे. मीठ न घालता दिलेली निवळ तहान भागवील, पण गेलेले सोडियम भरून काढणार नाही. अधिक मीठही घातक आहे, विशेषतः बालकांत. त्यामुळे चिमटीच्या अंदाजावर विसंबू नये. जेथे जलसंजीवनीची पुडी मिळते तेथे ती प्रथम द्यावी आणि पेज तिच्या जोडीला. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या द्रावणात लिटरला सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. साध्या पेजेत पोटॅशियमचा हा वाटा नसतो. शहाळ्याचे पाणी जोडीस दिल्याने तो काही अंशी भरून निघतो. सहा महिन्यांच्या आतील अर्भकाला पेज देऊ नये. स्तनपान चालू ठेवून जलसंजीवनी द्यावी.

बालकांच्या अतिसारात जस्त १० ते १४ दिवस द्यावे ही शिफारसही आपल्या वाचकांस ठाऊक असेल. मात्रा दिवसाला २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांच्या आत १० मिलिग्रॅम. जस्ताचे कार्य केवळ पोषणाचे नाही. उंदराच्या आतड्यावरील प्रयोगांत ते पेशीच्या मागील बाजूचे पोटॅशियम-मार्ग अडवते आणि त्यायोगे क्लोराइडचा स्राव कमी करते असे आढळले. पोटॅशियम मागून बाहेर जाऊ शकले नाही तर क्लोराइडला पुढून बाहेर ढकलणारा विद्युत्दाब उरत नाही. एक दार दुसऱ्या दाराच्या भरवशावर चालते, ते असे.

कषाय रस आणि मुंबईतील बिल्व

दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या खोऱ्यात क्रोटन लेच्लेरी नावाचा वृक्ष आहे. त्याची साल छेदली की रक्तासारखा लाल चीक येतो आणि तेथील लोक तो अतिसारात पितात. या चिकातून शुद्ध केलेले क्रोफेलेमर हे द्रव्य सीएफटीआर आणि कॅल्शियमने उघडणारा क्लोराइड-मार्ग या दोन्हींना बाहेरून अडवते. एचआयव्हीबाधित रुग्णांतील जंतुविरहित अतिसारासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यास २०१२ च्या अखेरीस मान्यता दिली. क्रोफेलेमर आतड्याची गती रोखत नाही, फक्त पाणी रोखते. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की रासायनिकदृष्ट्या ते प्रोॲन्थोसायनिडिन गटातील आहे, म्हणजे टॅनिनच्या कुळातील. आपल्या भाषेत तो कषाय रस. २०१० साली गॅलोटॅनिन ही टॅनिने कॅल्शियमने उघडणारा क्लोराइड-मार्ग अडवतात असेही सिद्ध झाले. दाडिमत्वक, धायटी, लोध्र, बाभूळ, आम्रास्थी या आपल्या अतिसारघ्न द्रव्यांच्या यादीवरून नजर फिरविली तर कषाय रस किती वेळा येतो हे वेगळे सांगणे नको. या प्रत्येक द्रव्यावर तसे काम झालेले नाही, म्हणून त्यांचीही क्रिया हीच, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कोठे शोधावे याची दिशा यातून निश्चित मिळते.

बिल्वाच्या बाबतीत मात्र आपल्या जवळचे काम उपलब्ध आहे. मुंबईतील फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेत डॉ. तन्नाझ बिर्डी व सहकाऱ्यांनी बिल्वाच्या अपक्व फळातील सुकविलेल्या गराचा काढा तपासला आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काढ्याने जिआर्डिया व रोटा विषाणू यांवर परिणाम केला, पण तपासलेल्या सहाही जिवाणूंपैकी एकाचीही वाढ रोखली नाही. एखाद्या घाईच्या संशोधकाने येथेच 'बिल्व निरुपयोगी' असा शेरा मारला असता. या गटाने पुढे पाहिले. काढ्याने जिवाणूंचे पेशींना चिकटणे आणि पेशींत शिरणे कमी केले, पटकीच्या विषाची निर्मिती घटविली, आणि पटकीचे व ई. कोलायचे उष्णतेने नष्ट होणारे विष पेशीवरील आपल्या बैठकीला जोडले जाण्यास अडथळा केला. उष्णतेला न जुमानणाऱ्या विषावर मात्र काहीच परिणाम झाला नाही.

हा शेवटचा नकारार्थी निष्कर्ष आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. बिल्व दार मिटत नाही, तर दार उघडणाऱ्याला उंबरठ्यावर रोखते, आणि तेही प्रत्येकाला नाही. एकाच गावातील दोन रुग्णांत बिल्वादि योगाचा परिणाम निराळा का दिसतो, याचे एक संभाव्य कारण येथे आहे. आणखी एक गोष्ट सुचते. बिल्व विष जोडले जाण्यापूर्वी, म्हणजे विकाराच्या प्रारंभी, अधिक उपयोगी असावे. आपल्या अनुभवाच्या नोंदींशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. अपक्व फळाचाच आग्रह ग्रंथांत आहे आणि अभ्यासही अपक्व फळावरच झाला, हे औषधनिर्मात्यांनी ध्यानात घ्यावे. पिकलेल्या बेलाचे सरबत हे त्याचे पर्यायी औषध नव्हे.

कुडा : पांढरा आणि काळा

सह्याद्रीच्या उतारावर, आंबोली घाटाखालच्या रानांत कुडा विपुल आहे. पावसाच्या तोंडावर त्याच्या शेंगांची व फुलांची भाजी घरोघरी होते. कुटजावर कराचीच्या आगा खान विद्यापीठातील गिलानी व सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेले काम आपल्याकडे फारसे वाचले गेलेले नाही. त्यांना कुटजाच्या अर्कात परस्परविरोधी अशा दोन क्रिया आढळल्या. एकीने आतड्याच्या स्नायूंना चेतना मिळते आणि ती हिस्टामिनच्या ग्राहकांमार्फत. दुसरीने स्नायू सैल पडतात आणि ती कॅल्शियम-मार्ग अडवून. स्नायूचे आकुंचन कॅल्शियम आत येण्यावर अवलंबून असल्याने ते दार अडले की पेटका सुटतो.

म्हणजे कुटज हे केवळ 'बंद करणारे' द्रव्य नाही. ज्या द्रव्यात गतीला चालना आणि गतीला आवर दोन्ही आहेत ते अफूसारखे आतडे निश्चल करीत नाही. प्रवाहिकेत कुटजाने मल अडून पोट फुगण्याचे प्रकार क्वचित दिसतात, याचा उलगडा अशा द्विविध क्रियेतून होऊ शकेल.

हे सर्व लागू पडते ते खऱ्या कुडाला. बाजारात कुटजत्वक म्हणून येणाऱ्या मालात काळ्या कुड्याची साल मिसळलेली असते, ही तक्रार जुनी आहे. पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हेना, काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. चरकाने कल्पस्थानात कुटजाचे पुं आणि स्त्री असे भेद सांगितले आहेत आणि आजचे बहुतेक अभ्यासक त्यांची सांगड या दोन वृक्षांशी घालतात. झाडावर ओळख अवघड नाही. काळ्या कुड्याच्या फुलाच्या मध्यभागी तंतूंची झालर असते, पांढऱ्याच्या नसते. काळ्याच्या जोडशेंगा टोकाशी जुळलेल्या राहतात, पांढऱ्याच्या सुट्या असतात. काळ्याच्या पानांतून पूर्वी नीळ काढीत. गोणीतल्या सालीत मात्र यांतील काही उरत नाही. तेथे जिभेचाच आधार. खरी साल आणि खरा इंद्रजव तीव्र कडू असतो, काळ्या कुड्याच्या बीला बाजारात गोड इंद्रजव म्हणतात. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गोणीतील सालीचा तुकडा चघळून पाहण्यास खर्च येत नाही. शंका वाटल्यास सावंतवाडीतील भाईसाहेब सावंत आयुर्वेद महाविद्यालयातील द्रव्यगुणाच्या अध्यापकांना नमुना दाखविण्याचा मार्ग आपल्याला गावातच उपलब्ध आहे.

गती

आतड्याच्या भिंतीत काखालच्या पेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेशींचे जाळे असते. स्नायूला लय देण्याचे काम त्या करतात, जणू आतड्याचे नाडीकेंद्र. त्यांची लय कॅल्शियमने उघडणाऱ्या ज्या क्लोराइड-मार्गावर चालते त्याची ओळख २००८ साली तीन निरनिराळ्या गटांनी पटविली. ग्रहणीसदृश विकारांत, आधुनिक भाषेत आयबीएसमध्ये, मेयो क्लिनिकच्या गटाला २०१४ साली सुमारे २ टक्के रुग्णांत सोडियम-मार्गाच्या एका जनुकात दोष आढळला. अशाच आणखी एका अभ्यासात, २००८ साली, आयबीएसच्या रुग्णांच्या मोठ्या आतड्यात मिरचीच्या तिखटपणाला प्रतिसाद देणाऱ्या टीआरपीव्ही-१ या मार्गाचे मज्जातंतू वाढलेले दिसले. या मार्गाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मालवणी मसाला पचविणाऱ्या शेजारच्या घरातील एकालाच तो का सोसत नाही, या प्रश्नाला 'सवय नाही' हे उत्तर यापुढे पुरेसे नाही.

जाता जाता तिरफळाचा उल्लेख करावासा वाटतो. बांगड्याच्या तिखल्यात पडणारे हे फळ जिभेला मुंग्या आणते. त्याच्याच कुळातील चिनी व जपानी मिऱ्यांतील सान्शूल हे द्रव्य मज्जातंतूंचे विशिष्ट पोटॅशियम-मार्ग बंद करून ही संवेदना निर्माण करते, असे २००८ साली दाखविले गेले. जपानात असे फळ, सुंठ, जिनसेंग व माल्ट शर्करा यांचा दाइकेन्चुतो हा योग शस्त्रक्रियेनंतर मंदावलेल्या आतड्याला गती देण्यासाठी रुग्णालयांतून सर्रास वापरतात. आपले तिरफळ अजून माशाच्या कालवणातच आहे. दुकानात त्रिफळा मागितल्यावर तिरफळ पुढे आल्याचे किस्से मात्र आम्ही ऐकले आहेत.

आता अहिफेनाकडे वळू. अफूतील मॉर्फिन आतड्याच्या मज्जातंतूंवरील ग्राहकाला जोडले जाते, पोटॅशियम-मार्ग उघडते व कॅल्शियम-मार्ग बंद करते. मज्जातंतू मुका होतो, आतडे पुढे ढकलणे थांबवते. कर्पूर रसातील हिंगूळ, मुस्ता, इंद्रयव, जातीफळ, कर्पूर या घटकांत झटपट परिणामाचे श्रेय मुख्यतः अहिफेनाचे आहे. आधुनिक औषधांतील लोपेरामाइड त्याच ग्राहकावर काम करते. गती थांबली की मलवेग कमी झाला असे दिसते. पण पाण्याचे दार उघडेच असेल तर पाणी निश्चल आतड्यात साठत राहते, आणि जंतुजन्य विकारात विष व जंतू दोन्ही आत अडकतात. रुग्ण बरा दिसतो, पोट फुगते आणि मूत्र कमी होते.

चरकाने चिकित्सास्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायात आमावस्थेत स्तंभन वर्ज्य केले ते याच अनुभवातून. दोष अल्प असता लंघन, मध्यम असता दीपन-पाचन प्रमथ्या, आणि बहुदोष असून मल अडखळत येत असता उलट अभया देऊन प्रवर्तन, असा त्याचा क्रम आहे. अकाली स्तंभनाने आध्मान, ग्रहणी, शोथ, पांडू इत्यादी विकार होतात असेही त्याने सांगितले. १९७३ साली ड्यूपाँट व हॉर्निक यांनी शिगेला जंतूच्या प्रवाहिकेत लोमोटिल या गतिरोधक औषधाने ज्वर लांबतो असे दाखविले. पाकिस्तानात लोपेरामाइडचे थेंब दिलेल्या अर्भकांत आतडे निश्चल होऊन मृत्यू ओढवले आणि १९९० साली ते थेंब मागे घ्यावे लागले. ग्रंथातील निषेध आणि हे दोन दाखले एकत्र वाचावेत.

वत्सनाभ आणि गेलेले पोटॅशियम

आयन-मार्गांच्या दृष्टीने आपल्या औषधी कपाटातील सर्वांत सावधगिरीचे द्रव्य अतिसारातच वापरले जाते, याकडे विशेष लक्ष वेधू इच्छितो. आनंदभैरव रसात वत्सनाभ आहे. विषूचिकेसाठी सांगितलेल्या संजीवनी वटीतही वत्सनाभ आहे. त्यातील ॲकोनिटिन सोडियम-मार्गाचे दार उघड्या स्थितीत अडकवून ठेवते, आणि हृदयाच्या पेशींत असे झाले की हृदयाची लय बिघडते. शोधनाने, विशेषतः गोमूत्रात वा गोदुग्धात उकळण्याने, ॲकोनिटिनचे विघटन होऊन त्याची तीव्रता पुष्कळ उतरते, हे निर्विवाद आहे. म्हणूनच योग्य शोधन केलेल्या औषधाची शास्त्रोक्त मात्रा आजवर सुरक्षित राहिली.

परंतु रुग्णाची अवस्था पाहा. दोन दिवस सतत द्रवमल झालेल्या रुग्णाच्या शरीरातून पोटॅशियम मोठ्या प्रमाणात गेलेले असते. पोटॅशियम उतरले की हृदयाची लय मुळातच अस्थिर होते. अशा वेळी वत्सनाभयुक्त कल्प, आणि त्याचे शोधन कसे झाले याची खात्री नाही, हा योग टाळण्याजोगा आहे. आमचे मत असे की स्नायूंची दुर्बलता, पोट फुगणे, नाडी अनियमित असणे यांपैकी काही आढळल्यास आधी जलसंजीवनी व पोटॅशियम भरून काढावे आणि वत्सनाभयुक्त कल्प त्या दिवशी बाजूस ठेवावा. वयोवृद्ध, हृद्रोगी आणि मूत्रल गोळ्या घेणारे रुग्ण यांच्या बाबतीत हा नियम अधिक कसोशीने पाळावा.

औषधी विक्रेत्यांसाठी कायद्याची बाजूही आहे. अहिफेन व वत्सनाभ ही दोन्ही औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मधील द्रव्ये आहेत. अशा द्रव्याचा समावेश असलेल्या, पोटात घेण्याच्या तयार औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना इंग्रजी व हिंदी दोन्ही भाषांत छापलेली असणे नियम १६१ प्रमाणे आवश्यक आहे. ही सूचना नसलेला माल घेऊ नये, आणि असलेला माल चिठ्ठीशिवाय देऊ नये.

दुकानात 'जुलाबाचे औषध' मागितले गेले तर आधी चार प्रश्न विचारावेत. रुग्णाचे वय किती? मलात रक्त आहे का? शेवटचे मूत्र केव्हा झाले? रुग्ण तोंडाने पाणी घेतो का? दोन वर्षांखालील मूल, रक्तयुक्त मल, सहा तासांत मूत्र नाही, डोळे खोल गेलेले, पोटावरची चिमटीत धरलेली त्वचा सावकाश परत जाते, किंवा मूल गुंगीत आहे व पीत नाही, यांपैकी काहीही असल्यास कोणतीही बाटली न काढता जलसंजीवनीची पुडी हाती द्यावी आणि रुग्णास जवळच्या वैद्याकडे किंवा सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवावे. वाटेत घोट घोट पाजत राहण्यास सांगावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश, चमच्याने.